किशोरवयीन मुलं आणि कॅथलिक होमस्कूलिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं लहान असतात तेव्हा लोक विचारतात, "घरी अक्षरओळख कशी करून घेता?" तीच मुलं तेरा-चौदाची झाली की विचारणाऱ्यांचा सूर बदलतो. आता काळजी असते परीक्षेची, मित्रमैत्रिणींची आणि थोड्या दबक्या आवाजात श्रद्धेची. आमचा थोरला आता वीस वर्षांचा आहे, धाकटी सतराची. दोघांचीही किशोरवयाची बरीच वर्षं घरी शिकण्यात गेली. मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, फोनवर, कधी कुणाच्या घरी बसून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

कॅथलिक होमस्कूलिंग म्हणजे घरात शाळा भरवायची आणि वर धर्मशिक्षणाचा एक तास जोडायचा, असंच ना?

पहिल्या वर्षी आम्हीही तसंच केलं. भिंतीवर वेळापत्रक, तासातासाची आखणी, सकाळचा पहिला तास धर्मशिक्षणाचा. काही महिन्यांतच लक्षात आलं की धर्म एका तासात कोंबला की उरलेला दिवस त्याच्यापासून सुटा पडतो. मुलं न सांगता शिकतात, की नऊ ते दहा देव आणि दहानंतर गणित.

हळूहळू वर्षाची घडीच बदलली. आमचं वर्ष नाताळाआधीच्या आगमनकाळापासून सुरू होतं. पास्काआधीच्या प्रायश्चितकाळात घरातला गोंगाट कमी होतो, पास्काच्या (ईस्टरच्या) पन्नास दिवसांत मोठी सुट्टी येते. रविवारच्या मिस्सेतली वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात : एक वर्ष मत्तयचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाची कथा), एक मार्कचं, एक लूकचं. किशोरवयाची सहा वर्षं धरली तर मूल या चक्रातून दोनदा जातं, आणि दुसऱ्या फेरीत तेच शुभवर्तमान त्याला वेगळं ऐकू येतं. बाराव्या वर्षी ज्याला उधळ्या पुत्राची गोष्ट (पैसा उधळून परतलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो आणि थोरला रुसतो) नुसती गोष्ट वाटली होती, तोच पंधराव्या वर्षी थोरल्या भावाच्या बाजूने वाद घालतो.

गणित मात्र गणितच राहतं. त्यात ओढूनताणून देव आणू नका. समीकरण प्रामाणिकपणे सोडवलं तरी पुरे.

ख्रिस्तसभेला (कॅथलिक चर्चला) हे चालतं का? आमच्या ओळखीचे एक फादर नाखूश दिसले.

तशी नाखुशी आमच्याही वाट्याला आली होती, आणि त्या वेळी मन दुखावलं होतं. पण ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली शिक्षणाविषयीच्या घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटलं. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'फामिलियारिस कॉन्सोर्टियो' या कुटुंबाविषयीच्या पत्रात त्याच्या पुढे जाऊन लिहिलं, की हा हक्क कुणाला बळकावता येत नाही आणि आईवडिलांनाही तो पूर्णपणे दुसऱ्यावर सोपवून मोकळं होता येत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतलं (ख्रिस्तसभेच्या कायद्यातलं) ७९३ वं कलम सांगतं, की स्थानिक परिस्थिती पाहून मुलांच्या कॅथलिक शिक्षणासाठी योग्य साधनं आणि संस्था निवडणं हे आईवडिलांचं कर्तव्यही आहे आणि हक्कही.

होमस्कूलिंग हा शब्द त्या कलमात नाही. त्यामुळे "ख्रिस्तसभा सांगते, मुलांना घरीच शिकवा" असं कुणी म्हणत असेल तर तेही बरोबर नाही. कॅथलिक शाळा उभ्या करण्यात कित्येक सिस्टरांचं आणि फादरांचं अख्खं आयुष्य गेलं आहे. त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी न होऊ देता दुसरी वाट धरता येते.

फादरांना जाऊन भेटा, मुलांना सोबत न्या. बहुतेकदा त्यांची खरी काळजी ही असते की हे कुटुंब धर्मग्रामापासून (स्थानिक चर्चच्या समुदायापासून) तुटेल. मुलं दृढीकरणाच्या (श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) तयारीला, गायनवृंदात, वेदीसेवेत दिसू लागली की ती काळजी आपोआप निवळते. आमच्या बाबतीत तसंच झालं.

लहानपणी ठीक आहे. पण चौदाव्या वर्षी मुलांना घरी का ठेवायचं?

कारण जगण्यातले मोठे प्रश्न याच वयात येतात आणि वेळ सगळ्यात कमी याच वयात असतो. शाळा, क्लास, प्रवास, गृहपाठ. रात्री जेवताना मूल ताटावर बसतं तेव्हा त्याच्यात बोलायचं त्राण उरलेलं नसतं.

आमच्या मुलाने देवाबद्दलचा पहिला खरा प्रश्न भर दुपारी भांडी विसळताना विचारला. आजोबा जाऊन तीन महिने झाले होते. हातातलं पातेलं तसंच नळाखाली धरून, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आपण एवढी जपमाळ म्हटली, मग ते बरे का नाही झाले?" त्या दिवशीचं भूमितीचं प्रकरण राहिलं. आम्ही दोघं ओट्याशी उभं राहूनच बोललो. मी धडपणे उत्तर देऊ शकले नाही, पण क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत घामाघूम होऊन "हा प्याला माझ्यापासून दूर कर" म्हणणाऱ्या येशूपाशी आम्ही एकत्र पोचलो. हाच प्रश्न सकाळी नऊच्या बसमध्ये त्याच्या मनात आला असता तर तो माझ्यापर्यंत आलाच नसता. घरी शिकवण्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हा आहे : प्रश्न येतो तेव्हा आपण तिथे असतो.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाचं उदाहरण मला धीर देतं. ती बेनेडिक्टाइन सिस्टरांच्या शाळेत साडेचार वर्षं गेली, तिथे रमली नाही. १८८६ मध्ये, तेराव्या वर्षी, ती शाळेतून निघाली आणि एका बाईंकडे खासगी शिकवणीला जाऊ लागली. पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात दाखल झाली आणि १९९७ साली ख्रिस्तसभेने तिला आचार्यपद (शिकवणीसाठी संतांना दिला जाणारा मान) दिलं. शाळा सोडल्यामुळे ती संत झाली असा याचा अर्थ अजिबात नाही. एकाच घरातल्या मुलीला वेगवेगळ्या वयात वेगवेगळी सोय लागू शकते, आणि तिच्या वडिलांनी ती ओळखली, एवढंच मी त्यातून घेते.

दिवस साधारण कसा जातो?

सकाळी एकत्र छोटी प्रार्थना. मग दुपारपर्यंत डोकं लागणारे विषय : गणित, भाषा, विज्ञान. चौदाव्या वर्षानंतर आठवड्याचं नियोजन मुलंच लिहितात, मी शनिवारी फक्त तपासते. दुपारनंतर ज्याचं त्याचं काम, वाचन, खेळ, बाहेरची शिकवणी. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाकडे पाच मिनिटं मागे वळून पाहायचं, आभार मानायचे, चुकलं असेल तिथे क्षमा मागायची. शाळेच्या निम्म्या वेळात अभ्यास होतो, कारण हजेरी, तासांची अदलाबदल, वर्ग शांत करणं यात जाणारा वेळ इथे वाचतो.

सगळं घरातूनच दिलं तर श्रद्धा लादली जात नाही का?

लादली जाऊ शकते. हा धोका खरा आहे आणि होमस्कूलिंग करणाऱ्या घरांत तो जास्त आहे, कारण आई, शिक्षिका आणि धर्मशिक्षिका ही तिन्ही माणसं एकच असतात. मूल गणितात आईवर चिडलं तर तो राग जपमाळेवर निघू शकतो.

त्याच व्हॅटिकन महासभेच्या धर्मस्वातंत्र्यावरच्या घोषणापत्रात म्हटलं आहे, की श्रद्धा ही स्वभावतःच मोकळेपणाने करायची कृती आहे. म्हणून आम्ही काही सीमा ठरवल्या आणि पाळल्या. पापनिवेदनात (फादरांपुढे पापं कबूल करताना) काय सांगितलं हे कधीच विचारायचं नाही. धर्मसंहितेप्रमाणे त्या गुप्ततेचा भंग फादरांनाही करता येत नाही, मग आपण डोकावणारे कोण? पापनिवेदन कोणाकडे करायचं हे मुलांनी ठरवायचं. प्रार्थनेचं मार्क्स, बक्षीस, शिक्षा यांच्याशी कसलंही नातं नको. चुकीबद्दल "दहा वेळा नमो मरिया म्हण" असं चुकूनही म्हणायचं नाही. आणि श्रद्धेविषयी बोलायला घराबाहेरचं एक तरी मोठं माणूस हवं. आमच्या मुलीसाठी ती व्यक्ती एक निवृत्त सिस्टर होती. त्या दोघी काय बोलत हे मला आजही ठाऊक नाही, आणि तसंच असायला हवं.

बाराव्या वर्षी येशू मंदिरात गुरूंमध्ये बसून त्यांचं ऐकत होता, त्यांना प्रश्न विचारत होता. मरिया आणि योसेफला ते तेव्हा समजलं नाही, असं लूकने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. पवित्र कुटुंबालाही जे लगेच उमगलं नाही, ते आपल्याला उमगेल अशी अपेक्षा तरी कशी करायची?

मुलगी म्हणते, "मला विश्वासच वाटत नाही. मी मिस्साला येणार नाही." घरी शिकवूनही असं कसं?

आधी श्वास घ्या. तिने तुम्हाला हे सांगितलं, ही मोठी गोष्ट आहे. कित्येक मुलं सांगत नाहीत, फक्त घर सोडल्यावर चर्चकडे फिरकत नाहीत.

मग तिचं म्हणणं नेमकं काय आहे ते शोधा, कारण "विश्वास वाटत नाही" या तीन शब्दांत निदान चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. कधी तो खरोखरचा बौद्धिक प्रश्न असतो : जगात एवढं दुःख का, बायबलमध्ये विसंगती का. त्याला पुस्तक, वेळ आणि प्रामाणिक उत्तर लागतं. कधी चर्चमधल्या माणसाच्या वागण्याचा घाव असतो; तिथे युक्तिवाद करू नका, ऐका, आणि खरोखर अन्याय झाला असेल तर तिच्या बाजूने उभे राहा. कधी तिच्या मनात एखाद्या चुकीची लाज असते आणि चर्चमध्ये पाऊल टाकलं की ती सलते. आणि कधी प्रार्थना नुसती कोरडी पडलेली असते. त्या कोरडेपणाबद्दल संतांनी भरभरून लिहिलं आहे. संत योहान ऑफ द क्रॉस याने त्याला रात्र म्हटलं. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कळलं, की असं वाटणारी ती पहिली नाही, की निम्मं ओझं उतरतं.

मिस्साचं काय करायचं? आमच्या घरात नियम असा होता : रविवारी आपण कुटुंब म्हणून जातो, जसं आजीकडे जातो. पण कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायचं की नाही, गायचं की नाही, हे तुझं तू ठरव. आमच्या मुलाने जवळपास आठ महिने कम्युनियन घेतलं नाही. मी रांगेत पुढे जायचे आणि तो बाकावर बसून राहायचा. बघणारे बघायचे. मी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण त्या आठ महिन्यांत दूर गेलेल्या मुलासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना करणाऱ्या संत मोनिकाचा धावा मात्र रोज केला. मग एका साध्याशा मंगळवारी तो म्हणाला, "संध्याकाळी चर्चमध्ये पापनिवेदन असतं ना? सोडशील?" का, कसं, काही विचारलं नाही. सोडलं.

प्रत्येक घरात असं घडेल असं वचन मी देऊ शकत नाही. सगळं नीट करूनही काही मुलं दूर जातात, आणि त्यांच्या आईवडिलांना दोष देणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं.

या वयात उपवास, नियम वगैरे कुठून सुरू होतात?

धर्मसंहितेनुसार चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर मांसत्यागाचा नियम लागू होतो. उपवासाचा नियम अठरा पूर्ण झाल्यावर लागतो, तो साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंत. कम्युनियनपूर्वी एक तास काही खायचं नाही, पाणी आणि औषध सोडून. दृढीकरणाचं वय ठिकाणानुसार बदलतं. आपल्या धर्मप्रांतात विचारा. वाढत्या वयात मुलींनी वजनाच्या काळजीपोटी उपवासाच्या नावाखाली जेवण टाळायला सुरुवात केली तर लगेच लक्ष घाला. तो उपवास नव्हे.

विज्ञान शिकवताना अडचण येत नाही का? उत्क्रांती, महास्फोट वगैरे?

अडचण येत नाही, उलट इथे हात मोकळे सुटतात. महास्फोटाच्या कल्पनेची मांडणी करणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावतं आहे हा त्यांचा निबंध १९२७ चा, आणि आदिम अणूची कल्पना १९३१ ची. खडकांच्या थरांचा क्रम कसा वाचायचा हे १६६९ मध्ये मांडणारे निकोलस स्टेनो पुढे बिशप झाले. १९८८ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं गेलं. आनुवंशिकतेचे नियम ज्यांनी शोधले ते ग्रेगोर मेंडेल ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठात राहत. १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी सुमारे २८,००० वाटाण्याची रोपं तपासली. १८६६ मध्ये निबंध छापला गेला आणि १९०० पर्यंत त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. मुलांना मी हा शेवटचा भाग आवर्जून सांगते. चांगलं काम करून विस्मृतीत मरण येणं, हेही एखाद्याच्या पाचारणात (देवाने दिलेल्या हाकेत) असू शकतं.

उत्क्रांतीबद्दल पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये संशोधनाचा आणि चर्चेचा मार्ग खुला ठेवला, आणि १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की हा सिद्धांत आता नुसत्या तर्कापेक्षा अधिक आहे. आत्मा मात्र थेट देवाकडून, ही ख्रिस्तसभेची शिकवण कायम आहे. सूक्ष्मदर्शकात आत्मा दिसत नाही, हे ऐकून गोंधळणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

गॅलिलिओला वगळू नका. १६३३ चा खटला, त्याची नजरकैद, आणि १९९२ मध्ये पोपनी त्या प्रकरणातली धर्मपंडितांची चूक मान्य करणं, हे सगळं घरीच सांगा. बाहेरून कळलं तर मूल विचारेल, "तुम्ही हे का लपवलंत?" आणि तो प्रश्न रास्त असेल.

मुलाच्या आवडीला किती जागा द्यायची? अभ्यास बाजूला पडत नाही का?

आमच्या थोरल्याच्या मधमाश्यांची हकिकत सांगते. त्यातच उत्तर आहे.

मेंडेल शिकताना त्याला कळलं की ते मधमाश्याही पाळत. चौदा वर्षांच्या मुलाला वाटाण्यांपेक्षा माश्या जास्त भावल्या. धर्मग्रामातल्या एका वयस्कर मधपाळांकडे तो दर शनिवारी जाऊ लागला. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "केळं खाऊन आला नाहीस ना?" डंख मारताना माशी जो इशाऱ्याचा गंध सोडते, त्यातला मुख्य घटक पिकलेल्या केळ्याच्या वासाला कारणीभूत असलेलंच रसायन आहे. घरी आल्यावर त्याने ते शोधून काढलं, आणि एस्टर नावाचं जे प्रकरण मी दोन महिने पुढे ढकलत होते, ते त्याने त्याच आठवड्यात स्वतःहून वाचलं.

मग स्वतःची मधपेटी आली. राणी सोळा दिवसांत, कामकरी माशी एकवीस दिवसांत, नर चोवीस दिवसांत कोशातून बाहेर येतो. त्यामुळे त्याच्या वहीत तारखांची गणितं सुरू झाली. पेटीचा, बरण्यांचा खर्च आणि मधाची विक्री यांचा हिशेब त्याने मांडला. पहिल्या वर्षी तोटा. त्याच वर्षी परीक्षेच्या धांदलीत तीन आठवडे त्याने चौकटी तपासल्या नाहीत. वसाहत आधीच कमजोर झाली होती, त्यात मेणकिडा शिरला. झाकण उघडलं तेव्हा चौकटींवर जाळ्याच जाळ्या होत्या, आणि तळाशी मेलेल्या माश्यांचा थर. तो पेटीशेजारी बराच वेळ मांडी घालून बसला होता. "त्या माझ्यावर सोपवल्या होत्या," एवढंच म्हणाला. सृष्टीची राखण माणसावर सोपवली आहे, हे उत्पत्तीच्या पुस्तकातलं वाक्य मी त्याला तीनदा तरी वाचून दाखवलं असेल. ते त्याला त्या दिवशी कळलं.

उरलेलं चांगलं मेण त्याने पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवलं. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. थेट आचेवर ठेवलं तर पेट घेण्याचा धोका. पहिल्या मेणबत्त्यांची वात जाड झाली, नुसता धूर. दुसऱ्या खेपेला बारीक, मध्ये खड्डा पडून विझायच्या. तिसऱ्या खेपेच्या जमल्या. त्या वर्षी पास्काच्या जागराच्या रात्री, अंधाऱ्या चर्चमध्ये हातात मेणबत्त्या घेऊन आम्ही उभे होतो, आणि पास्काच्या घोषणेचं ते प्राचीन गीत सुरू झालं. त्यात मधमाश्यांच्या श्रमांचा उल्लेख येतो. मी ते आयुष्यभर ऐकत आले होते आणि कधी कानांवर पडलं नव्हतं. त्याने मला कोपराने ढोसलं. "आई, ऐकलंस?"

अभ्यास बाजूला पडला का? इतिहास थोडा पडला, हे खरं. तो आम्ही पुढच्या सुट्टीत भरून काढला.

पण माझ्या मुलाची आवड म्हणजे फक्त गेम आणि मोबाइल. त्याचं काय करू?

संत कार्लो अकुतिस याला भेटवा. १९९१ मध्ये जन्मलेला, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झालेला हा मुलगा संगणकात रमणारा होता आणि गेमही खेळायचा. त्याने जगभरातल्या पवित्र साक्रामेंताच्या (कम्युनियनच्या भाकरीच्या) चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइट बनवली. तो शाळेत शिकला, घरी नाही. पण आवडीचं साधन कुठे वळवता येतं हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. "बंद कर" म्हणण्याऐवजी "हे बनवतात कसं ते दाखव" म्हणून पाहा. जो मुलगा चार तास खेळतो त्याला धर्मग्रामाच्या सणाचं चित्रीकरण, ध्वनियंत्रणा, पत्रक सोपवा. आणि रात्री मोबाइल झोपायच्या खोलीत नको. हा नियम आईबाबांनाही लागू.

घरी शिकलेल्या मुलाला बाहेरच्या जगाचा अनुभव कसा मिळणार?

शाळेतलं मूल दिवसभर स्वतःच्याच वयाच्या मुलांत असतं. घरी शिकणाऱ्याकडे कामाच्या वेळेत मोकळा वेळ असतो, आणि खरं जग कामाच्या वेळेतच चालू असतं. सुताराकडे, दवाखान्याच्या स्वागतकक्षात, ग्रंथालयात, छापखान्यात आठवड्याचे दोन अर्धे दिवस मूल जाऊ शकतं. मात्र वयाचे आणि कामाचे कायदे पाळूनच, आणि आधी स्वतः जाऊन जागा आणि माणसं पाहून. गरीब मुलांना आसरा देणारे धर्मगुरू संत जॉन बॉस्को १८५० च्या सुमारास आपल्याकडच्या मुलांना कामावर ठेवताना मालकांशी लेखी करार करत. मारायचं नाही, ठरलेलंच काम द्यायचं, सणावाराला सुट्टी द्यायची. आजही कुठे पाठवण्यापूर्वी काम काय, वेळ किती, जबाबदार कोण, हे कागदावर आणा.

दयेची सात कृत्यं (भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची भेट अशी) पाठ करून घेण्यापेक्षा एक पक्कं धरा. आमची मुलगी वृद्धाश्रमात दर गुरुवारी एका आजींना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आजींना विस्मरण होतं, दर गुरुवारी तिला नव्याने नाव सांगावं लागे. सुरुवातीला ती वैतागली. दोन वर्षांनंतर आजींच्या अंत्यविधीला ती पहिल्या रांगेत बसली होती, कारण घरच्यांनीच बोलावलं होतं.

घरखर्चाचा एक महिना मुलांच्या हातात द्या. बँकेत, सरकारी कार्यालयात त्यांनाच बोलू द्या. तुम्ही मागे खुर्चीत बसा.

मित्रमैत्रिणी?

लागतातच, आणि ते आपोआप मिळत नाहीत. खेळाचा संघ, गायनवृंद, युवक मंडळ, घरी शिकणाऱ्या इतर कुटुंबांचा गट. कॅथलिक नसलेले मित्रही हवेत. महिनाभर मूल कुणाशी मनसोक्त हसलं नसेल, तर बीजगणित थांबवा आणि आधी हे बघा.

शरीर, प्रेम, लैंगिकता याबद्दल कोण बोलणार?

तुम्हीच, आणि वाटतं त्यापेक्षा लवकर. 'फामिलियारिस कॉन्सोर्टियो'मध्ये हे आईवडिलांचं मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या भेटींत शरीराच्या अर्थावर जी प्रवचनमाला दिली, तिच्यावर आधारलेलं साहित्य किशोरांसाठी उपलब्ध आहे. सुरुवात शरीर चांगलं आहे, देवाने दिलेलं आहे, इथून करा. मनाईच्या यादीतून नको. मुलांचे बाबा मुलाशी चालता चालता बोलत, समोरासमोर बसून नाही. अश्लील चित्रफितींबद्दल मुलाने विचारेपर्यंत थांबू नका. त्याने काही पाहिलं असेल तर पहिलं वाक्य "सांगितलंस ते बरं केलंस" हे असू द्या.

मला स्वतःला रसायनशास्त्र, मोठं गणित येत नाही. मग?

शिकवणी, ऑनलाइन वर्ग, निवृत्त शिक्षक, दोन कुटुंबांनी विषय वाटून घेणं, असे पुष्कळ मार्ग आहेत. पंधराव्या वर्षानंतर आईचं काम प्रत्येक विषय शिकवणं हे राहत नाही. कोण चांगलं शिकवेल ते शोधणं आणि अभ्यास होतोय ना ते बघणं, एवढंच. कलनशास्त्र मी मुलीकडून शिकले. ती समजावून सांगायची आणि त्यात तिच्याच संकल्पना पक्क्या व्हायच्या.

कायदा, परीक्षा, कॉलेज यांचं काय?

सुरुवात करण्यापूर्वी आपल्या देशाचा कायदा पाहा. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे, जर्मनीत मात्र शाळेत जाणं सक्तीचं आहे. कुठे नोंदणी लागते, कुठे दरवर्षी मूल्यमापन. मान्यताप्राप्त परीक्षा बाहेरून देण्याची सोय कुठल्या मंडळाची आहे आणि तिची मुदत काय, हे तेराव्या वर्षीच शोधून ठेवा. सोळाव्या वर्षी धावपळ होते. प्रयोगवहीसारख्या गोष्टी मागाहून बनवता येत नाहीत.

आई म्हणून मी फार थकते.

थकणारच. हे एकटीचं काम नाही. बाबांनी निदान एक विषय पूर्णपणे घ्यावा, तपासण्यासकट. आठवड्यातली एक दुपार घराबाहेर, एकटीने घालवा. आणि एखादं वर्ष बिकट गेलं, आजारपण आलं, घरात बाळ आलं, तर कमीत कमीवर या : गणित, वाचन, प्रार्थना. मी एक पूर्ण वर्ष असं काढलं आहे आणि मुलं मागे पडली नाहीत.

मूल म्हणालं, "मला शाळेत जायचंय," तर?

ऐका. आमची मुलगी सोळाव्या वर्षी म्हणाली. मला आधी वाटलं, माझं काही चुकलं. मग तिने कारणं लिहून दिली : खरी प्रयोगशाळा, बास्केटबॉलचा संघ, आणि "मला माझी श्रद्धा तुम्ही बाजूला नसताना कशी आहे ते बघायचंय." तिसरं कारण वाचून तिचे बाबा कितीतरी वेळ गप्प होते. आम्ही नऊ दिवसांचा नोव्हेना (प्रार्थनाक्रम) केला आणि दहाव्या दिवशी अर्ज आणला.

प्रवेशाच्या वेळी वर्षानुसार शिकलेल्या विषयांची यादी, वाचलेल्या पुस्तकांची नोंद, बाहेरच्या परीक्षांचे निकाल, जिथे काम केलं तिथल्या माणसांची दोन पत्रं, आणि कॅथलिक शाळा असेल तर स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) व दृढीकरणाचे दाखले हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी सोडायला यायचं का, ते तिलाच विचारा. आमची म्हणाली, "ये, पण कोपऱ्यापर्यंतच."